दातारांकडे वाचायला येणारा

बाबांचं वाचनालयाचं कार्ड बंद करायला मी गेले, त्या दिवशी मावठा पडत होता.

ऐन थंडीतला पाऊस. सकाळपासून आभाळ काळवंडलेलं, रस्ते ओले, आणि भोपाळच्या कारखाना-वसाहतीत, आमच्या बरखेड्याच्या क्वार्टर्सच्या पिवळ्या भिंतींवर ओलीचे डाग. सायकलच्या हँडलला पिशवी होती, पिशवीत बाबांनी आणलेली शेवटची दोन पुस्तकं. ती भिजू नयेत म्हणून मी माझा स्वेटर काढून पिशवीभोवती गुंडाळला होता आणि स्वतः कुडकुडत चालले होते.

वाचनालयात काउंटरवर रत्नप्रभाबाई होत्या. वसाहत वसली तेव्हापासून त्या तिथेच होत्या, असं आम्हा मुलांना वाटायचं. मी पुस्तकं पुढे केली.

"कार्ड बंद करायचंय. बाबांचं."

बाईंनी कारण विचारलं नाही. आमच्या लाइनीत सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. साखरेनं बाबांचे डोळे गेले होते. आधी वर्तमानपत्राची अक्षरं गेली, मग कारखान्याचा भोंगा झाल्यावर घरासमोरून जाणाऱ्या माणसांचे चेहरे गेले, आणि दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी मला विचारलं, "सिंधू, आज उजाडलं नाही का अजून?" तेव्हा नऊ वाजले होते.

"बंद का करून राहिलात?"

आवाज शेजारून आला. वळून पाहिलं, तर एक उंचसा तरुण केसांतलं पाणी रुमालानं टिपत उभा होता.

"करून राहिलात नाही," मी म्हटलं. "करताय. बंद का करताय."

प्राथमिक शाळेत शिकवायची सवय… आणि त्या दिवशी माझं कोणाशीच धड नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "बंद का करताय?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

त्यानं क्षणभर विचार केला. "हे बरोबर मराठी होतं. म्हणजे आता मला राग यायला पाहिजे, नाही का?"

मला हसू आलं, आणि आलं म्हणून आणखीच राग आला. रत्नप्रभाबाई मात्र आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्यांनी कार्ड फाडण्याऐवजी खणात ठेवून दिलं.

वाचनालयानं त्या हिवाळ्यात एक उपक्रम काढला होता. सगळ्या वसाहतीनं मिळून एकच पुस्तक वाचायचं. कारखान्यातल्या पहिल्या पिढीची माणसं एकेक करून निवृत्त होत होती, दर महिन्याला कुणाचा तरी ट्रक भरला जात होता, वाचनालयाच्या खुर्च्या रिकाम्या पडत होत्या. बाईंनी समितीच्या मागे लागून एका कादंबरीच्या हिंदी आणि मराठी प्रती मागवल्या, बाजारात फलक लावले, आणि वसाहतीबाहेरच्यांनाही पहिल्यांदाच दार उघडलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी जाऊन कुणीतरी वाचून दाखवायचं होतं.

"हे उदय पोतनीस," बाई म्हणाल्या. "वाचणारे म्हणून नाव द्यायला आलेत. मराठीत ऐकणारं घर मला सापडत नव्हतं. आता सापडलं."

"पण बाई, यांचं मराठी…" मी म्हणाले.

"म्हणूनच तर आलोय," उदय म्हणाला. "ग्वाल्हेरचे आम्ही. घरात आईशी मराठी, बाहेर सगळीकडे हिंदी. मोठ्यानं वाचलं तर जरा सुधारेल."

अशा रीतीनं दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे यायला लागला.

पहिल्याच दिवशी त्यानं बाबांना नमस्कार केला आणि म्हणाला, "आपण नीलकंठ दातार ना?"

"नीळकंठ," बाबा म्हणाले. "ळ. जीभ वर वळवा, पोतनीस. मी निळा आहे, नीलबील नाही."

बाबा साठ सालाच्या आगेमागे पुण्याहून आले होते, कारखान्याच्या भिंतीसुद्धा पुऱ्या उभ्या नव्हत्या तेव्हा. ट्रान्सफॉर्मर ब्लॉकमध्ये फोरमन झाले. मार्चअखेर निवृत्त होणार होते. आता वैद्यकीय रजेवर घरी होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ मधुकर, पुण्यात स्थायिक झाला होता. घरात आम्ही दोघंच. डोळे गेल्यापासून बाबा बोलायचेच बंद झाले होते. खुर्चीत बसून राहायचे, कान रस्त्याकडे. पोतनीसच्या ळ-नं त्यांची वाचा परत आणली.

कादंबरी एका जुन्या घाटातल्या जकात नाक्याची होती. म्हातारा नाकेदार, त्याची मुलगी गोदा. सरकारनं डोंगराच्या पलीकडून नवा रस्ता काढला, घाटातून गाड्या जायच्या बंद झाल्या, तरी म्हातारा रोज सकाळी नाक्याचा आडवा बांबू वर करतो आणि संध्याकाळी खाली करतो. आठवड्यातून एकदा एक पोस्टमन डोंगर चढून येतो, तेवढीच वर्दळ. वसाहतीत कोणी पुस्तकाचं खरं नाव घेत नसे. भाजीवालीपासून डिस्पेन्सरीतल्या सिस्टरपर्यंत सगळे म्हणायचे, नाकेवाली किताब. रेशनच्या रांगेत बायका गोदाबद्दल बोलायच्या, जशी ती शेजारच्या पिपलानीतच कुठे राहत असावी.

उदयचा आवाज खालच्या पट्टीतला, थोडा घोगरा. अडखळायचा, 'काळी'ला 'काली' म्हणायचा, बाबा सुधारायचे, तो न कंटाळता परत म्हणायचा. मी स्वयंपाकघरात असायची. कणीक भिजवून झालेली असली तरी भिजवतच राहायची. भांडं खाली ठेवताना आवाज होऊ देत नव्हते. माझं लक्ष नाही, असं मला दाखवायचं होतं…

गंमत म्हणजे तो नेमका नको तिथे थांबायचा. पोस्टमननं गोदाला हाक मारली, ती वळली, आणि पुस्तक बंद. बाबा म्हणायचे, "काय रे हे!" तो म्हणायचा, "काका, आता बस निघून जाईल."

एका संध्याकाळी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा राहवलं नाही.

"ती काय उत्तर देते?"

"शनिवारी सांगतो."

"तुम्ही पुढचं वाचलंय."

"वाचलंय."

"मग सांगा ना."

"सांगितलं, तर शनिवारी तुम्ही दाराआडून ऐकणार नाही."

फाटकाची कडी थंडगार होती. मी ती उगाच लावत-काढत राहिले. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं…

"मी ऐकत नाही काही," मी म्हटलं.

"हो. मी वाचायला लागलो की तुमचा नळ बंद होतो. आणि मी थांबलो की परत सुरू होतो."

तो गेल्यावरही मी बराच वेळ फाटकाशी उभी होते. समोरच्या लाइनीत दातारांच्या मुलीची चर्चा सुरू व्हायला तेवढं पुरेसं होतं, पण त्या दिवशी मला त्याची फिकीर वाटली नाही.

हळूहळू त्याच्याबद्दल कळत गेलं. गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, तो सुपरवायझर होता. वडील नव्हते. आईबरोबर अशोका गार्डनमध्ये दोन खोल्यांत राहायचा, रेल्वेलाइनीला लागून. गॅसच्या रात्रीनंतर आईचा दमा कधी हटला नव्हता. भोपाळात अशी घरं इतकी होती, की कुणी त्याबद्दल जास्त विचारत नसे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेले. बाईंनी तिथल्या शेजाऱ्यांसाठी हिंदी प्रत पोचवायला सांगितली होती, हे निमित्त. उदयची आई, इंदुमतीबाई, कॉटवर बसून होत्या, पाठीशी दोन उशा. आगगाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची आणि त्या बोलणं थांबवायच्या. गाडी गेली की तोडलेल्या शब्दापासून पुढे बोलायच्या. मी निघताना म्हणाल्या, "तुमच्याकडे यायचं असतं त्या दिवशी तो शर्टाला इस्त्री करतो. शेडमध्ये जाताना! तेलात माखतो, तरी करतो." मग त्यांना ठसका लागला. मी त्यांची पाठ चोळली. हाताला नुसती हाडं लागत होती.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात बसणं सोडलं. बाहेरच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीशेजारी वेताच्या मोढ्यावर बसून उघडपणे ऐकायला लागले. उदय वाचता वाचता पान उलटताना एकदा वर बघायचा. तेवढंच. त्या एका नजरेवर माझे मधले दिवस निघायचे.

जानेवारीअखेर दादा आला.

त्याचं सगळं ठरलेलं होतं. बाबांची निवृत्ती झाली की क्वार्टर सोडावंच लागणार. मग पुण्याला त्याच्याकडे जायचं. त्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी केली होती. बाबांना डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मलाही तिथे शाळेत नोकरी मिळेल, आणि एक स्थळही त्यानं पाहून ठेवलं होतं. दादा वाईट नव्हता. त्यानं आमच्यासाठी सगळा विचार केला होता. आम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.  बाबा रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सिंधू असेल ना बरोबर?" आणि दादा म्हणाला, "अर्थात. तिच्याशिवाय तुमचं कसं होईल?"

मी ताटं उचलून आत गेले.

उदयला मी वाचनालयात सांगितलं. वाचणाऱ्यांची बैठक होती, संपल्यावर पुन्हा पाऊस आला, आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही दोघंच अडकलो. पत्र्यावर पाण्याचा एवढा आवाज होता की मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. मार्च संपला की पुणे.

त्यानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "आणि तू?"

इतके दिवस तुम्ही होतं. आज पहिल्यांदा तू.

"मी बाबांबरोबर जाणार."

"हे तू सांगून राहिलीस, की तुझे दादा?"

मी त्याची चूक सुधारली नाही.

"तुमच्या घरी येणं मला चांगलं लागतं," तो म्हणाला. "चांगलं वाटतं म्हणायला पाहिजे, माहीत आहे. पण तू येऊन बाजूला बसतेस ना… ते मला लागतं."  मग एकेक शब्द जपून, वाचताना म्हणायचा तसा, म्हणाला, "सिंधू, मला तू हवी आहेस. जन्मभर. हे बरोबर बोललो ना?"

"बरोबर बोललात," मी म्हटलं. आणि पुढे म्हणाले, "पण नाही."

तो समजावत राहिला. बाबांना आपल्याकडे ठेवू. मी त्याला विचारलं, कुठे? त्या दोन खोल्यांत, आईच्या कॉटशेजारी? आगगाड्यांच्या धडधडीत? आणि बाबा तरी येतील का? लेकीच्या सासरी दोन दिवस राहायचं म्हटलं तरी ते संकोचानं अर्धे होतील. बरं, उदय आईला घेऊन पुण्याला येईल म्हणावं, तर त्यांना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, आणि त्यांची औषधं, दवाखान्यातली माणसं, शेजारीपाजारी, सगळं इथलं. सगळीकडून वाट बंद होती. 

"मग वाचायला येऊ नको?" त्यानं विचारलं.

"या," मी म्हटलं. "बाबा वाट बघतात."

तो येत राहिला. पण आता वाचताना वर बघत नव्हता. आवाज कोरडा. चुकाही कमी करायला लागला होता, ते मला जास्तच लागायचं. एक दिवस तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "पोतनीसला सर्दी झाली का?"

"हो. झालीय वाटतं."

"आणि तुला?"

मी म्हटलं, मलाही झालीय.

त्यानंतर बाबांनी एक नवीनच सुरू केलं. पान संपलं की म्हणायचे, परत वाच. कधी म्हणायचे, मागचा सगळा प्रसंगच विसरलो, तिथपासून घे. ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमधली मापं तोंडपाठ होती, तो गोदाची साडी कुठल्या रंगाची होती ते विसरायला लागला. पुस्तक संपायला आलं होतं, आणि बाबा ते संपू देत नव्हते. हे मला कळलं त्या दिवशी मी आत जाऊन पदर तोंडाशी धरून रडले.

तरी पुस्तक संपलंच. शेवट असा होता की पोस्टमनची बदली होते, तो गोदाला बरोबर चल म्हणतो, ती नाही म्हणते. म्हातारा सकाळी नाक्याचा बांबू वर करतो आणि ती त्याला चहा आणून देते. उदयनं शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं. बाबांनी परत वाच म्हटलं नाही.  चहा न घेताच तो गेला.

फेब्रुवारीअखेर कम्युनिटी हॉलमध्ये समारोप होता. बाबा येतो म्हणाले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. ते महिनोन् महिने घराबाहेर पडले नव्हते. हॉल भरला होता. फाउंड्रीतले सरदारजी, डिस्पेन्सरीतली मल्याळी सिस्टर, बंगाली बायका, शाळेतले आम्ही सगळे, अशोका गार्डनमधूनही बरेच. रत्नप्रभाबाईंनी ज्याला बोलायचं त्यानं बोलावं म्हणून सांगितलं. सगळे गोदावरच बोलले. कशी मुलगी! बापासाठी सगळं सोडलं! सिस्टर बोलता बोलता रडली. सरदारजींनी नाकेदारासाठी डोळे पुसले. मी खाली जमिनीकडे बघत होते. उदय मागच्या भिंतीला टेकून उभा होता, ते मला न बघताही कळत होतं.

बाबांनी माझा हात हलकेच दाबला. "मला माइकपाशी ने."

मी त्यांना नेलं. त्यांनी चाचपून माइकची दांडी धरली आणि आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले, "हमको वो बूढ़ा अच्छा नहीं लगा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. बाबा बोलत राहिले, हिंदीत, मध्ये मराठी शब्द घुसडत. म्हणाले, लेखकानं त्याला बिचारा केलाय आणि तुम्ही सगळे त्याच्यासाठी रडलात. पण तो आंधळा नव्हता. पोरगी दारात उभी राहून रस्त्याकडे बघते, हे त्याला रोज दिसत होतं. तरी तो एकदाही म्हणाला नाही, की तू जा. चहा पीत बसला. लोक म्हणाले, मुलीनं त्याग केला. त्यानं तो घेतला कशाला, हे कुणी विचारलं नाही.

"मला तर दिसतही नाही," ते शेवटी मराठीतच म्हणाले. "पण घरात काय चाललंय ते ऐकू येतं."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. लोकांना ते पुस्तकावरचं बोलणं वाटलं. सरदारजी तर म्हणाले की दातारसाहेबांनी बात पते की केली, अगदी मुद्द्याची. फक्त रत्नप्रभाबाई समोरच्या टेबलावरचा कपडा सारखा करत बसल्या. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुम्ही पुस्तकाबद्दल बोललात?"

"मग कशाबद्दल?" ते खुर्चीत बसत म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "मला पुण्याला जायचंय, सिंधू. फार दिवस झाले. मधुकरची पोरं आहेत, सोबतीला. सूनबाई चांगली आहे. तिथे वाचून दाखवणारे पुष्कळ मिळतील, आणि तेही शुद्ध. इथे आता मला कंटाळा आलाय."

तीस वर्षांत बाबांनी पुण्याबद्दल एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. तिथल्या गर्दीला, तिथल्या नातेवाइकांना, तिथल्या आमटीलाही त्यांनी नावं ठेवली होती. दिवाळीत चार दिवस गेलो तरी तिसऱ्या दिवशी त्यांना बरखेड्याची आठवण यायची. बाबांना खोटं बोलता येत नव्हतं. ते बोलताना त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर नुसता फिरत होता.

मी त्यांना तिथेच धरू शकले असते. म्हणू शकले असते, की तुम्हाला जायचं नाहीये, मला कळतं. पण मग ते काय म्हणाले असते? आणि मी काय केलं असतं? मी त्यांच्या पायाशी बसले, गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला.

"पोतनीस चांगला आहे," ते म्हणाले. "ळ अजून कच्चा आहे. तेवढा बघ."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ गोविंदपुऱ्याला गेले. शेडमध्ये पाऊल टाकलं तर लेथ चालू होते, कानाला दडे बसतील असा आवाज. उदय एका यंत्रावर वाकला होता. मला पाहून सरळ झाला, हात पुसायला फडकं शोधायला लागला.

मी बोलले. त्याला ऐकू आलं नाही. परत बोलले. त्यानं कानाला हात लावून मान हलवली, मग वळून कामगारांना खूण केली. एकेक यंत्र थांबलं. शेड शांत झाली आणि सगळी माणसं आपापल्या जागेवरून माझ्याकडे बघायला लागली.

आता त्या शांततेत तेच परत म्हणायचं…

"बाबा पुण्याला जाणार आहेत," मी म्हटलं. "मी नाही."

 सापडलेलं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. कपाळावर तेलाचा डाग होता, आणि डोळे भरून आले होते. मला वाटलं होतं तो हसेल. त्यालाही ठाऊक होतं ना, हे कुणी आम्हाला दिलंय ते.

दादाला समजावणं सोपं गेलं नाही. पत्र्याच्या शेडमधला सुपरवायझर, घरी आजारी आई, जात वेगळी, यात तुला काय दिसलं, असं त्यानं विचारलं. बाबांनी त्याला आत बोलावून घेतलं, दार लावलं, आणि बाहेर आला तेव्हा दादा मला एवढंच म्हणाला, की लग्न साधं करू. तसंच केलं. मार्चच्या अखेरीला, मोजक्या माणसांत. रत्नप्रभाबाईंनी करवली व्हायचं मागून घेतलं. इंदुमतीबाई रिक्षातून आल्या, मंगलाष्टकं होईपर्यंत बसल्या, मग धाप लागली म्हणून मी त्यांना घेऊन नव्या साडीतच घरी निघाले. सासरी पाऊल टाकलं ते असं, त्यांचा दंड धरून.

क्वार्टर रिकामं करायला दादा रजा काढून राहिला होता. सामान ट्रकनं आधी गेलं. मोकळ्या खोल्यांत बाबा भिंतीला हात लावत एकदा फिरले, आणि मग म्हणाले, चला.

स्टेशनवर ऊन तापायला लागलं होतं. गाडी वेळेवर होती. दादानं बाबांना खिडकीपाशी बसवलं, सुरई पायाशी ठेवली. मी खिडकीच्या गजांतून त्यांचा हात धरून उभी होते. आम्ही काही महत्त्वाचं बोललो नाही. गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत, इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, वहिनीला आमटीत गूळ घालू नको म्हणून सांगू का… बाबा म्हणाले, राहू दे, गूळ चालेल मला. 

शिट्टी झाली. हात सुटला. गाडी हळूहळू सरकायला लागली, आणि मी तिच्याबरोबर थोडी चालले, मग गर्दीत अडकून मागे राहिले. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता आणि ते हलवत होते, पण भलत्याच दिशेला. आम्ही उभे होतो तिकडे नाही, पलीकडे, जिथे नुसते हमाल आणि एक चहाचा ठेला होता. चेहऱ्यावर हसू आणलं होतं आणि ते त्या ठेल्याला निरोप देत होते.

हाक मारायला हवी होती. मी इथे आहे म्हणून सांगायला हवं होतं. पण मी नुसता हात हलवत राहिले, जसा काही तो त्यांना दिसणार होता.

उदय माझ्या मागून पुढे आला. पळत थोड्या अंतरापर्यंत गेला. त्यांना तो इतके महिने काका म्हणत आला होता.

"बाबा!" त्यानं पूर्ण आवाजात हाक मारली. "बाबा, इकडे!"

बाबांचा हात हवेत थांबला. मान वळली. चेहरा नेमका आमच्याकडे झाला, आणि हात पुन्हा हलायला लागला. गाडी वळणावर जाईपर्यंत तो हलत होता.